डहाळी उतरेपर्यंत

कुंता : हा वास कायचा व्हय, लटारूभाऊ?

लटारू : कायचा वास?

कुंता : लसनाचा. तेलात पडलेल्या लसनाचा. दार बंद आहे तुमचं, माहं नाक नाई.

लटारू : शेजारून येत असन.

कुंता : शेजारून? तुमच्या घराच्या एका अंगाले तलाव, न दुसऱ्या अंगाले मातामायचं देऊळ. आता मातामाय फोडनी देऊन राह्यली का?

लटारू : पगार आनला का?

कुंता : आनला. पन पयले माह्या गोष्टीचा जबाब द्या. दाराले कडूलिंबाची डहाळी, न घरात फोडनी! अंगावर मातेचे फोड असले का चुलीवर तेल चढवत नाई, हे शेंबड्या पोराले बी समजते. का तुमच्या ढिवरायचा रिवाज अलग आहे?

लटारू : रिवाज तोच आहे.

कुंता : मंग?

लटारू : पैसे पायरीवर ठेव न जाय. दारावर सावली पडू देऊ नको.

कुंता : ठेवून राह्यली. सेठानं ते आता निंघालेले नये पैशे देले यावेळी. न बाई, मले त ते लेकराच्या खेळन्यावानी वाटते. वरून गोटा ठेवते, नाई त कावळा नेईन.

लटारू : बसली काऊन? दर डाव उभी राह्यते.

कुंता : थकली. ऊन आहे. तुमी फटीतून पाहून राह्यले का मले?

लटारू : फट आहे त दिसते.

कुंता : पाहा. पन मासोळी कोनती होती तेवढं सांगा.

लटारू : मरळ.

कुंता : जाळं टाकलं का गळ?

लटारू : गळ. मागच्या दारात बसून. आता जाळं फेकाले दुसरा मानूस लागते, तो कुठून आनू?

कुंता : म्हंजे तुमी बरे झाले.

लटारू : झालो.

कुंता : कवाचे?

लटारू : पाडव्याच्या आंगोमांगं खपल्या पडल्या.

कुंता : अरे बापा! न ही डहाळी? माहा डोळा मागच्या बाजारापासूनच तिच्यावर होता. एवढ्या उनात तोडलेला कडूलिंब हिरवा राह्यते का? मले वाटलं मातेची किरपा आहे. मी मनातल्या मनात हात बी जोडले.

लटारू : पहाटे जुनी काढतो. देवळामागच्या झाडाची नवी तोडून लावतो.

कुंता : लबाड कुठचे!

लटारू : धीरे बोल.

कुंता : इथी कोन आयकते? तलावातल्या बेंडक्या?

लटारू : म्हनूनच म्हनतो धीरे बोल. कोनी आयकत नाई, हे जोरानं कायले सांगते?

कुंता : समजलं मले. घरबसल्या पगार गोड लागला. बाकीचे आऱ्यावर लाकडं चिरून मरून राह्यले, न लटारूभाऊ मरळ तळून.

लटारू : पगारासाठी नाई ठेवली डहाळी.

कुंता : मंग कायसाठी?

लटारू : तुले नाई समजाचं.

कुंता : नका सांगू. पन मी ज्याच्यासाठी आली ते आयका. उद्या नागपूरचा वकील येऊन राह्यला आऱ्यावर. संगं चांद्याचा डाक्टर. सेठ दोघाइले तुमच्या घरी घेऊन येनार आहे. बिमार मानूस दाखवाले.

लटारू : मले पाहाले? मी का बाजारातलं अस्वल आहो?

कुंता : अस्वल पाळून सेठाले काई भेटत नाई. तुमाले पाळून भेटते.

लटारू : सीधं सांग, कुंताबाई. मले तुहे फेरे समजत नाई.

कुंता : तो वकील मागं एक डाव आला होता. मी बैठकीत पानी देत होती. तो सेठाले म्हने, एखाद्या गड्याले बिमारीत घरी बसवून पगार देला, त तो पगार धंद्याच्या खर्चात धरता येते. तेवढ्यावर कर द्या लागत नाई.

लटारू : कर म्हंजे?

कुंता : सेठ वर्सभर कमावते, त्यातला वाटा सरकार नेते. मंग तो वाटा थोडा कमी होईन. न वकील म्हने, मजुराले सांभाळनारा सेठ असा बोलबाला झाला, त ते अलगच. मंग सेठ मुकादमाले विचारते, 'आपल्याकडं कोन बिमार आहे?' मुकादम म्हने, 'लटारू ढिवर पडला आहे मातेनं.' झालं.

लटारू : झालं.

कुंता : दुसरं कोनी पडलंच नव्हतं त्या आठोड्यात.

लटारू : मले वाटलं होतं...

कुंता : काय?

लटारू : काई नाई.

कुंता : आता अर्ध्यात नका सोडू.

लटारू : सेठ लहान होता तवा मी त्याले खांद्यावर घेऊन आऱ्यावर फिरवला आहे. सागाच्या बुंध्यावर बसवून ठेवो, न तो भुशात उड्या मारे. तू पयल्या डाव पगार आनला तवा मले ताप होता. डोळे चिकटले होते. तू बाहेरून म्हने, 'सेठानं धाडला, घरबसल्याचा.' मले वाटलं, याद ठेवली पोरानं. बापाच्या वक्ताचा मानूस आहे म्हनून धाडते. सारा ताप मी त्याच्यावर काढला. कोनी तरी आहे आपलं, म्हनून.

कुंता : मी सांगाले नाई पाह्यजे होतं.

लटारू : बरं झालं सांगतलं. कधी ना कधी समजतंच.

कुंता : आता उद्याचं पाहा. तो डाक्टर डहाळी मानत नाई. सीधा आत येईन, पापनी उचलून पाहीन, न म्हनीन हा मानूस त माह्यापेक्षा धट्टाकट्टा आहे. सेठाची वकिलापुढं फजिती झाली का तो तुमाले ठेवते का कामावर? पगार जाईन, न कामही जाईन. आजच उतरवा डहाळी, न उद्या सकाळी भोंग्याच्या आधी आऱ्यावर या.

लटारू : आऱ्यावर माह्या जागी कोन आहे?

कुंता : झिंगू.

लटारू : खड्ड्यात?

कुंता : खड्ड्यात. जंगू वर उभा राह्यते, झिंगू खालून ओढते.

लटारू : अडकत असन करवत.

कुंता : अडकते त! रोज मुकादमाच्या शिव्या खाते तो झिंगू. जंगू त परेशान होऊन गेला.

लटारू : वारा इकडचा असला का मले इथून करवत आयकू येते, बाई. पान्यावरून आवाज येते. पयले अडके. आता नाई अडकत. चांगली चालते.

कुंता : ...मले वाटलं, तुमाले बरं वाटन.

लटारू : जंगू विचारते का माह्याबद्दल?

कुंता : विचारते न.

लटारू : काय विचारते?

कुंता : हेच. कसा आहे लटारू, म्हनून.

लटारू : जंगूनं मले आजवर नावानं नाई बोलावलं. दादा म्हनते तो मले.

कुंता : विसरली असन मी.

लटारू : तुले झूठ बोलता येत नाई. नको बोलू. सारी उमर आमी एकाच करवतीच्या दोन टोकाले होतो. तो वर, मी खड्ड्यात. भुशापायी मले त्याचं तोंड बी दिसे नाई, निस्ते पाय. पन हाताले समजे सारं. त्याच्या घरी भांडन झालं असलं त करवत सांगे. माता निंघाची होती त्या दिशी मले काईच समजलं नव्हतं, न तो वरून म्हने, 'दादा, आज तू ओढून नाई राह्यला. घरी जाय.' एवढं समजे त्याले. न आता रस्त्यावर उभं राहून हाक बी नाई मारत.

कुंता : त्याच्या घरी लहान लेकरं आहेत, भाऊ. दाराले डहाळी असली का मानूस भेते. त्याचा काय दोष?

लटारू : हाव. डहाळी आहे न.

कुंता : मंग काढा न ते! कोनी हात धरला तुमचा?

लटारू : आता आयक. पगारासाठी नाई ठेवली म्हटलं ते यासाठी. डहाळी आहे तंवर कोनी नाई आलं, त मी म्हनतो, डहाळीपायी नाई आले. जंगू डहाळीपायी नाई आला. मुकादम डहाळीपायी नाई आला. सुगंधा डहाळीपायी नाई आली.

कुंता : सुगंधा म्हंजे तुमची पोरगी? अहेरीकडं देली ते?

लटारू : तेच. गाडीवानासंगं निरोप धाडला होता तिनं. 'बाबा, मांडीवर लेकरू आहे, डहाळी उतरली का येतेच.' आता तू सांग. मी उतरवली. तिले निरोप धाडला. न ते नाई आली. मंग मी काय म्हनू? कायपायी नाई आली?

कुंता : काऊन नाई येनार? बापाले पाहाले पोरगी येत नाई का?

लटारू : तिची माय गेली तवा बी म्हने, 'पेरनी झाली का येते.'

कुंता : मंग?

लटारू : पेरन्या खूप झाल्या.

कुंता : ...पानी आहे का हो प्यासाठी?

लटारू : ओट्यावर माठ आहे. तुह्यासाठीच भरून ठेवतो बाजाराच्या दिशी. घे.

कुंता : ठंडं आहे. दात वाजले.

लटारू : एक गोष्ट खरी सांगशीन?

कुंता : झूठ त येतच नाई म्हनता मले.

लटारू : तू बी सेठानं धाडलं म्हनूनच येते का?

कुंता : सेठ कायले धाडते? तो म्हने, गड्याच्या सोयऱ्याधायऱ्यानं येऊन पगार न्यावा. मीच म्हटलं, मले लहानपनी माता येऊन गेली, माहं थोबाड पाहा, सारे मातेचे वनच आहेत, मले आता काई होत नाई, मी नेते. सेठ म्हने, ने, पन तेवढ्या वक्ताची मजुरी नाई भेटनार.

लटारू : मजुरी कापते तुही? माहा पगार आनते म्हनून?

कुंता : रोजंदारीची बाई मी. जितकी टोपली तितका रोज. तुमच्या घरी बसून भुसा का उचलला जाते?

लटारू : न तरी येते.

कुंता : येते.

लटारू : काऊन?

कुंता : आमच्या घराले डहाळी लागली होती तवा मी सात-आठ वर्साची असन. आमी चौघं भावंडं एका चटईवर. माय पानी पाजे न कोपऱ्यात जाऊन बसे. मले बाकीचं काई आठोत नाई, एकच आठोते. रस्त्यानं लोक बोलत बोलत येत, हासत येत, न आमच्या दारापाशी आले का चूप होऊन जात. निस्ते पाय वाजत. पुढं गेले का परत बोलनं सुरू. मले लय वाटे का कोनी एक आवाज द्यावा. 'कुंते, जित्ती आहे का?' बस, येवढंच. आत नोको या, पानी नोको पाजा. कोनी नाई देला. माहे तिघं भावंडं एकामांगं एक गेले, न मी राह्यली. तवापासून डहाळीचं दार दिसलं का माह्यानं चूप जावत नाई.

लटारू : मले माहीत नव्हतं.

कुंता : तुमाले कसं माहीत राहीन? आऱ्यावर तुमी खड्ड्यात, न मी टोपली घेऊन वर. कधी बोललो आपन? ही डहाळी लागली म्हनून बोललो.

लटारू : कुंताबाई.

कुंता : हं.

लटारू : तुहा आवाज आज असा खरखर काऊन करून राह्यला?

कुंता : ऊन लागलं.

लटारू : ऊन लागलं, न पदर दोन्ही खांद्यावरून गुंडाळून बसली? चैताच्या दुपारी? मघापासून पाहून राह्यलो. कापून राह्यली तू.

कुंता : हिवताप आहे. येते न जाते.

लटारू : कवापासून?

कुंता : परवापासून. परवा गेली कामावर. काल बी गेली. काल टोपली डोक्यावर घेतली, न पाय मोडल्यावानी बसलीच खाली. मुकादम म्हने, घरी जाय.

लटारू : आज?

कुंता : आज नाई गेली कामावर.

लटारू : मंग हा पगार कुठून आनला?

कुंता : सेठाच्या घरून. वाट वाकडी करून गेली. उद्या डाक्टर येते हे तुमाले कोन सांगते? बेंडक्या?

लटारू : तू त सेठाले सांग, मी बी बिमार आहो म्हनून. तुले बी देईन घरबसल्याचा पगार.

कुंता : विचारून झालं माहं. सेठाले नाई, त्या वकिलालेच. तवाच पानी देता देता म्हटलं, 'साहेब, रोजंदारीचं मानूस पडलं तं?' हासला तो. वाईट नाई हासला, चांगला मानूस आहे. म्हने, 'बाई, पक्क्या गड्याचं असते ते. तुमच्या बिमारीचा सेठाले काई फायदा नाई.'

लटारू : असं म्हने?

कुंता : सही आहे न. माहं बिमार होनं कोनाच्याच कामाचं नाई.

लटारू : असं नको बोलू.

कुंता : खरं ते बोलली.

लटारू : माही सुटी तुले देता येत नाई का? मी जातो कामावर, तू पडून राह्य. सेठाचं काय बिघडते? एक मानूस घरी, एक मानूस आऱ्यावर.

कुंता : सुटी का चिमूटभर मीठ आहे, भाऊ, का उसनं घ्यावं न पुढच्या बाजाराले वापस करावं?

लटारू : मी बरा, न मले पगार. तू बिमार, न माहा पगार घेऊन कोस कोस चालून राह्यली. न मी आत मरळ तळून खाऊन राह्यलो. लाज वाटून राह्यली मले.

कुंता : वाटू द्या. थोडी वाटाच पाह्यजे. चाला, जाते मी. उभी त राह्यते पयले. थांबा, भिंत धरते जराशी.

लटारू : बस तिथीच. दार खोलतो.

कुंता : नका खोलू! डहाळी आहे, बाहेरचं मानूस समोर असताना...

लटारू : डहाळी माहीच आहे. मातेची कवाचीच गेली.

(कडी निघते. दार उघडतं.)

कुंता : अरे बापा. केवढे वन पडले हो तोंडावर.

लटारू : तुह्यावानीच.

कुंता : माह्यापेक्षा कमी. माह्यावर मातेचं पिरेम जास्त होतं.

लटारू : हात दे. ...तवा झाला अंगाचा. न मले म्हने ऊन लागलं.

कुंता : सोडा हात. कोनी पाहीन.

लटारू : इतके दिस कोनी पाह्यलं? घे, भात आहे, मरळीचं कालवन आहे. दोन घास खाऊन जाय.

कुंता : मातेच्या घरची फोडनी माह्या नशिबात होती म्हना.

लटारू : खाय. न आयक. डहाळी आज सांजेले उतरवतो. तलावात ठंडी करतो, मातामायपुढं दहीभात ठेवतो. उद्या सकाळी आऱ्यावर. वकील येवो का डाक्टर येवो, सेठाले म्हनीन, झालो बरा, तुह्या पगारानं झालो. त्याची बी इज्जत राहीन.

कुंता : न सुगंधेले निरोप?

लटारू : धाडतो. आली त आली.

कुंता : पन खड्ड्यात त झिंगू आहे.

लटारू : राहू दे त्याले. चांगली चालून राह्यली त्याइची करवत, मी कायले मधात जाऊ? भुसा उचलीन मी. तुही टोपली रिकामी पडली आहे न.

कुंता : पक्का गडी भुसा उचलीन? लोक हासतीन.

लटारू : तू चार दिस नाई गेली त मुकादम दुसरी बाई लावते. मी टोपली धरून ठेवतो. बरी झाली का ये न घे. सारी उमर भुसा डोळ्यात घेतला, आता चार दिस डोक्यावर घेतो.

कुंता : ...तिखट जास्त झालं तुमच्या कालवनात. डोळ्यात पानी आलं.

लटारू : हाव. तिखट आहे.

कुंता : एक काम करसान का माहं?

लटारू : सांग.

कुंता : डहाळी तलावात नोको टाका. आऱ्यावर जाता जाता माह्या दाराले लावून देजा.

लटारू : तुले त हिवताप आहे. माता कुठी आहे?

कुंता : माहीत आहे मले. तरी लावा. मी पडून राह्यली, न कोनी नाई आलं, त मले बी म्हनता येईन. डहाळीपायी नाई आले.

लटारू : नाई.

कुंता : काऊन? तुमी लावली ते चालते, न मी लावली त नाई?

लटारू : नाई लावत मी तुह्या दाराले डहाळी. सांजेले भोंगा झाला का मी येईन तिकडून.

कुंता : माह्या घरी? मी एकटी बाई. लोक काय म्हनतीन?

लटारू : आत नाई येत. रस्त्यावरूनच आवाज देईन. 'कुंते, जित्ती आहे का?'

कुंता : न मी?

लटारू : तू निस्तं 'हाव' म्हनजो.